बुडावरचे सप्त चिरंजीव

नीरा-बारामती रस्त्यावरच्या वडगाव निंबाळकरात कुठल्याही घराच्या फडताळातली प्लॅस्टिकची बरणी काढा, उलटी करा आणि तिचं बूड बघा. बहुतेक वेळा तिथे तीन बाणांचा एक त्रिकोण असतो आणि त्याच्या पोटात 1 ते 7 पैकी एक आकडा. हे त्या बरणीचं गोत्र. अमेरिकेतल्या प्लॅस्टिक कारखानदारांच्या संघटनेनं 1988 मध्ये ही गोत्रावळी ठरवली आणि ती जगभर पसरली. खरं तर गोत्र विचारण्यात आपला हात धरणारा कोणी नाही. सोयरीक जमवताना मामाच्या मामाचं कूळ निघतं, बाजारात बैल घेताना दात मोजले जातात आणि निवडणूक लागली की वाड्या-वस्त्यांचं जातवार गणित शाळा सोडलेल्यांनाही तोंडपाठ असतं. पण बरणी, पाइप, गोणी, पुडी आणि थर्माकोल यांची वेळ आली की आपण एकदम समतावादी होतो आणि सगळ्यांना एकच हाक मारतो: प्लॅस्टिक. या समतेनं मोठा घोटाळा करून ठेवला आहे. कारण आकडे सात आहेत, आणि सात म्हटलं की मराठी माणसाला सप्त चिरंजीव आठवायला हवेत. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम. सातही जण अमर, पण सातांची तऱ्हा सात प्रकारची.

पुराणकारांनी या यादीत एक मेख मारून ठेवली आहे. मारुतीला अमरत्व मिळालं ते वर म्हणून आणि अश्वत्थाम्याला मिळालं ते शाप म्हणून. वस्तू तीच, पण एकाच्या दारात शनिवारी तेलाची रांग लागते आणि दुसरा त्याच तेलासाठी दारोदार फिरतो. प्लॅस्टिकवरच्या आपल्या सगळ्या भांडणांत ही मेख विसरली जाते. एक पक्ष म्हणतो, ते मरत नाही म्हणून राक्षस. दुसरा म्हणतो, ते मरत नाही म्हणूनच कामधेनू. या लेखाचं म्हणणं एवढंच की न मरणं हा गुणही नाही आणि दोषही नाही. चिरंजीवाला जन्मभराचं काम दिलं तर तो वर ठरतो, दहा मिनिटांचं काम देऊन हाकलला तर शाप. हे तपासायला पुण्या-मुंबईचा कचरा डेपो उपयोगाचा नाही. तिथे प्लॅस्टिकचा फक्त तेरावा दिसतो, संसार दिसत नाही. वडगावसारख्या गावात ते शेतात राबतं, गोठ्यात राबतं, लग्नात मिरवतं, आणि मग ओढ्याला जाऊन बसतं. चरित्र सलग वाचायला मिळतं.

आधी जन्मकथा. या घराण्यात ठरवून झालेली मुलं फार थोडी. पहिलं अपत्य सेल्युलॉइड. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत आणि हत्ती पुरेनात, म्हणून न्यूयॉर्कच्या एका चेंडूवाल्यानं पर्याय शोधणाऱ्याला 10,000 डॉलर देऊ केले. जॉन हायट नावाच्या छापखान्यातल्या माणसानं 1869 च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून तो पर्याय काढला. म्हणजे प्लॅस्टिकचा श्रीगणेशा शब्दशः आरतीच्या कापरानं झाला, आणि निमित्त होतं हत्ती पुरेनासे झाल्याचं. पुढे याच सेल्युलॉइडच्या पट्टीवर 1913 साली दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र उतरला. मग 1907 मध्ये लिओ बेकलंड या बेल्जियमहून अमेरिकेत गेलेल्या रसायनशास्त्रज्ञानं बेकेलाइट तयार केलं. त्याला खरं तर लाखेला पर्याय हवा होता. लाख हे किड्याचं काम, किडे आपल्या गतीनं चालणार आणि विजेच्या कारखान्यांना घाई. संपूर्णपणे माणसानं बनवलेलं हे पहिलं प्लॅस्टिक. कुकरची काळी मूठ आणि जुन्या घरातली विजेची काळी बटणं त्याचीच. ते एकदा घट्ट झालं की परत वितळत नाही, भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही तसं. बुडावर आकडा मिरवणारे बहुतेक सगळे मात्र गुळाच्या जातीचे. तापवले की मऊ, गार झाले की ढेप, आणि हे कितीदाही. निदान पुस्तकात तरी.

तिसऱ्या आकड्यापासून सुरुवात करू, कारण वडगावची शेती त्याच्या खांद्यावर उभी आहे. तीन म्हणजे पीव्हीसी, आपला बळी. 1872 मध्ये ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या चंबूत उन्हामुळे एक पांढरा गोळा जमला. त्याचं काय करायचं ते कोणालाच सुचलं नाही. 1926 मध्ये वॉल्डो सेमन अमेरिकेत रबर धातूला चिकटवायची खळ शोधत होता. खळ जमली नाही, पण तो गोळा मऊ करून वापरायची युक्ती सापडली. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग क्लोरीनचा आणि तो येतो मिठातून, म्हणून खाल्ल्या मिठाला जागणारं हे एकमेव प्लॅस्टिक. नीरा डावा कालवा इंग्रजांनी 1880 च्या दशकात काढला. कालव्याखालची जमीन बागायत झाली, वरची तशीच कोरडी राहिली. मग नीरा नदीपासून आणि विहिरींपासून शेता-शेतापर्यंत पाइपलाइनी पडल्या. लोखंडी पाइप गंजतो आणि सिमेंटचा फुटतो, शिवाय दोन्ही खिशाला जड. पीव्हीसीचा पाइप एक माणूस खांद्यावर टाकून नेतो. एकच पथ्य, तो उन्हात पडला की ठिसूळ होतो, जमिनीखाली मात्र पिढी काढतो. वामनानं बळीला पाताळात दाबलं तेव्हा त्याची सोय केली की गैरसोय, यावर कीर्तनकारांत मतभेद असतील. पण पीव्हीसीच्या बाबतीत पाताळ हीच योग्य जागा यावर प्लंबर आणि शेतकरी यांचं एकमत आहे. शिवाय शेतकऱ्याला आपण बळीराजाच म्हणतो, तेव्हा नावही परकं नाही.

दोन आणि चार हे सख्खे भाऊ, दोघेही पॉलिथीन, पण स्वभाव वेगळे. 27 मार्च 1933 रोजी इंग्लंडमधल्या एका कारखान्यात फॉसेट आणि गिब्सन यांनी इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन भलताच प्रयोग केला. तो फसला आणि भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ चिकटलेला सापडला. दोन वर्षांनी तो पुन्हा भरपूर बनला तोही गळक्या उपकरणाच्या कृपेनं. हे चार नंबरचं, मऊ पॉलिथीन. 1953 मध्ये जर्मनीत कार्ल त्सीग्लरनं कमी दाबावर दुसरं बनवलं, ते दोन नंबरचं, कडक. दोघांतला फरक समजायला प्रयोगशाळा नको, उसाचा फड पुरे. पाचटासकट ऊस मोळीत बांधला तर मोळी फुगीर आणि ढिली राहते. सोललेला ऊस बांधला तर कांडं कांड्याला चिकटून मोळी दगडासारखी होते. चार नंबरच्या साखळ्यांना पाचट असतं, म्हणजे फांद्या असतात. दोन नंबरच्या साखळ्या सोललेल्या. म्हणून एकाची दुधाची पिशवी होते आणि दुसऱ्याचा निळा बॅरल.

चार नंबरचा हा परशुराम बारामती-इंदापुरात 'कागद' या नावानं वावरतो. मल्चिंगचा कागद, कोपीवरचा कागद, शेततळ्याचा कागद. ज्यावर आजवर कोणी एक ओळ लिहिलेली नाही असा हा जगातला एकमेव कागद. शेततळ्याचा बहुधा दोन नंबरचा असतो, पण कागद म्हटल्यावर कागद. टरबुजाच्या गादीवाफ्यावर मल्चिंग अंथरलं की खालचं तण उजेडाविना मरतं, परशुरामानं पृथ्वी निःक्षत्रिय केली तशी ही जमीन निस्तृण होते. त्याला एकवीस फेऱ्या लागल्या, इथे एक अंथरूण पुरतं. सुपे-मोरगावकडच्या जिरायतीत 500 मायक्रॉनचं अस्तर घातलेलं शेततळं पाणी धरून ठेवतं. तेच पाणी मुरमात नुसतं सोडलं तर आठवड्यात पसार. ठिबकच्या नळ्याही याच घराण्यातल्या. थेंबाथेंबानं पाणी द्यायची कल्पना इस्रायलच्या सिम्खा ब्लासला गळक्या नळाजवळचं एक तरतरीत झाड पाहून सुचली होती, पण ती शेतात उतरली 1960 च्या दशकात, स्वस्त प्लॅस्टिक नळी आल्यावर. लोखंडी नळ्यांनी एकर भिजवायचा म्हटलं तर भिजवण्याआधी एकर विकावा लागला असता. आणि गळीत हंगामात बीड-नगरकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या बघा. थंडी आणि अवकाळी पाऊस यांच्या आणि त्या माणसांच्या मध्ये जी भिंत असते ती या कागदाचीच. प्लॅस्टिक वाईट असं म्हणणाऱ्यानं आधी त्या कोपीत एक रात्र काढावी, मग सांगावं कोणतं प्लॅस्टिक.

दोन नंबरचा निळा बॅरल हा सरळ मारुती. द्रोणागिरी उचलायला सांगा, तोही उचलेल. पहिल्या जन्मी तो कारखान्यात रसायन घेऊन येतो, दुसऱ्या जन्मी फवारणीचं पाणी, तिसऱ्यात बोअर आटल्यावर घरचं पाणी, आणि चौथ्यात मधोमध कापला जाऊन जनावरांचं आंबोण. हा खटाटोप बघून कोणाला वाटेल की हा कष्टासाठीच जन्मला. पण या कडक पॉलिथीनचा पहिला मोठा खप झाला तो 1958 मध्ये, अमेरिकेत कमरेभोवती फिरवायच्या हुलाहूप कड्यांसाठी. मारुतीही लहानपणी सूर्याला फळ समजून उडालाच होता. पोरवयातल्या उड्यांवरून माणूस जोखू नये. एक दक्षता मात्र हवी. रसायनाचा बॅरल कितीही धुतला तरी त्यात प्यायचं पाणी भरू नये, कारण मारुती जितकं पोटात ठेवतो तितकं सगळं बाहेर काढत नाही.

पाच नंबरचा पॉलिप्रॉपिलीन हा बिभीषण. 1954 मध्ये इटलीच्या जुलिओ नात्तानं तो व्यवस्थित ओळीत उभा केला आणि 1963 चं नोबेल त्सीग्लरसोबत वाटून घेतलं. बिभीषण म्हणायचं कारण पुढे येईल, आधी त्याचं राज्य बघा. लग्नाच्या मांडवात, ग्रामसभेत, दशक्रियेत आणि चहाच्या टपरीबाहेर जी पांढरी किंवा लाल खुर्ची असते ती त्याची. एका ओतणीत, सांध्याशिवाय होणाऱ्या खुर्चीचं श्रेय 1972 च्या आंरी मासोने या फ्रेंच माणसाच्या नमुन्याला देतात. जगात जिथे चार माणसं जमतात तिथे आज ती असते. गावच्या लोकशाहीत तिचं योगदान दुर्लक्षित आहे. पूर्वी सतरंजी अंथरली की पाटील कुठे आणि बाकीचे कुठे हे सतरंजीच्या कडेवरून कळायचं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत सगळ्यांची उंची सारखी, आणि मागचा पाय फाकला की पडण्याची शक्यताही सारखी. एकमेकींत घालून वीस खुर्च्यांची चळत एक पोरगा उचलतो. हे सिंहासनाला कधी जमलं नव्हतं.

पण बिभीषणाचं खरं चरित्र लिहावं ते युरियाच्या गोणीवरून. 2018 पासून तिच्यात 50 ऐवजी 45 किलो युरिया येतो, पण गोणीच्या आयुष्यात ही पहिली काही दिवसांची नोकरी बिनमहत्त्वाची. युरिया उसाला पडला की गोणी झटकून, धुऊन कुंपणावर वाळत पडते आणि तिथून तिची कारकीर्द सुरू होते. आधी ज्वारी किंवा गहू. मग भुसा. एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचला की पावसात डोक्यावरची खोळ. दोन बाजू उसवून चार गोण्या जोडल्या की गोठ्याला वाऱ्याकडचा पडदा, आणि बसायला ताडपत्रीची धाकटी बहीण. शिंप्याकडे नेली तर बंद लावून बाजाराची पिशवी होते. त्या पिशवीवर खताच्या कंपनीचं नाव आणि नत्राची टक्केवारी घेऊन माणूस मेथी आणायला जातो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. शेवटी धागे सुटू लागले की शेणखत वाहायला, आणि तिथेच ती विरते, म्हणजे विरल्यासारखी दिसते. या एका गोणीला कोणी 'एकदाच वापरायचं प्लॅस्टिक' म्हटलं तर ती अब्रुनुकसानीचा दावा लावेल. कायद्याच्या भाषेत ते वेष्टण आहे. वडगावच्या भाषेत ती घरातली कर्ती बाई आहे.

एक नंबरचं पेट म्हणजे व्यास, कारण याच्याइतक्या कथा कोणी साठवल्या नाहीत. 1941 मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा काढला. त्याची टेरिलीन झाली, सुतात मिसळून टेरिकॉट झाली. त्याच पदार्थाच्या पातळ फितीवर कॅसेटचा काळ उभा राहिला. आळंदीच्या कीर्तनापासून तमाशाच्या वगापर्यंत सगळं पेटच्या फितीवर गुंडाळलेलं होतं आणि फीत अडकली की पेन्सिलीनं सोडवली जायची. 1973 च्या पेटंटातून त्याची बाटली आली. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहिता बदलून पॉलिएस्टरच्या तिरंग्यालाही परवानगी मिळाली. म्हणजे खादीचा शेवटचा बालेकिल्लाही व्यासांनी सर केला. दारावर येणारी बोहारीण या घराण्याची सर्वात मोठी व्यापारी. तिला जुन्या सिंथेटिक साड्या द्यायच्या आणि बदल्यात टब घ्यायचा. दोन्ही बाजूंना पेट्रोलियमच, एक अंगावरून उतरलेलं आणि एक मोरीत जाणारं, पण घासाघीस मात्र सोन्याच्या पेढीसारखी.

सहा नंबर म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि त्याचा फुगीर अवतार थर्माकोल. हे मुळात एका कंपनीचं व्यापारी नाव, पण मराठीत ते शेणामातीइतकं रुळलं. याला कृपाचार्य म्हणायचं, कारण सात चिरंजीव मोजताना हाच हमखास विसरला जातो. थर्माकोलमध्ये साधारण 98 टक्के हवा असते आणि 2 टक्के माल. भाषणांच्या बाबतीत हे प्रमाण आपल्या सवयीचं आहे, पण भाषण संपलं की हवा विरते, इथे विरत नाही. दहा दिवसांच्या गणपतीसाठी राजवाडा कोरायचा, अकराव्या दिवशी मखर कालव्याच्या कडेला, आणि पुढची अनेक वर्षं त्याच्या पांढऱ्या गोळ्या पाटाच्या पाण्याबरोबर शेतात. मातीचे बाप्पा विरघळतात, मखर उरतं. श्रद्धेच्या दृष्टीनं हा हिशेब उलटा आहे.

सात नंबर म्हणजे 'इतर', ज्याचं कुठेच जमत नाही तो. शांपूची पुडी, वेफरची पिशवी, चहापत्तीचं एक रुपयाचं पाकीट. चमचमतं ते अॅल्युमिनियम, आतून पॉलिथीन, बाहेरून आणखी काही, मध्ये खळ. तीन-चार थर असे एकजीव की देवालाही वेगळे करता येऊ नयेत. ही पुडी मोठी हुशार वस्तू. 1980 च्या दशकात शांपू तिच्यात शिरला आणि बाटली न परवडणाऱ्या घरात पोचला. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण रस्त्याकडेच्या पुड्या पाहून ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असावी असं वाटत नाही. पुडीचं काम फाडण्यापुरतं, आयुष्य मात्र इतरांइतकंच. हा अश्वत्थामा. कपाळावर चमकणारा मणी होता तोवर मान होता, मणी काढला आणि भटकंती नशिबी आली. जखमेला तेल मागत तो फिरतो म्हणतात. पुडीचं तर मूळच खनिज तेलात, तरी तिची जखम भरत नाही.

आता पुरावा. या सातांची जात बुडाचा आकडा न बघता ओळखणारा एकच विद्वान गावात फिरतो, तो भंगारवाला. त्याच्याकडे पदवी नाही, नाक आहे. तुकडा पाण्यात टाकला की दोन, चार आणि पाच तरंगतात, एक आणि तीन बुडतात. काडी लावली की पॉलिथीनला विझलेल्या मेणबत्तीचा वास, पीव्हीसीला नाकात झोंबणारा आंबट, आणि ज्योत बाजूला केली की पीव्हीसी विझतं. (हा प्रयोग घरी करू नये, तो धूर विषारी असतो.) चावून, वाकवून, खाली टाकून आवाज ऐकून तो 'कडक' आणि 'नरम' ठरवतो आणि त्याप्रमाणे भाव करतो. आता वडगावच्या कुठल्याही ओढ्यात उतरून काय दिसतं ते मोजा. फुटका बॅरल ओढ्यात सापडणार नाही, ठिबकच्या जुन्या नळ्यांचं भेंडोळं सापडणार नाही, तुटकी खुर्चीही बहुधा नाही, कारण भंगारवाल्यानं त्यांचा भाव केलेला असतो. सापडतात त्या पुड्या, पातळ पिशव्या आणि थर्माकोल, ज्यांच्याकडे तो ढुंकून बघत नाही. ओढा म्हणजे भंगारवाल्याच्या भावपत्रकाची उरलेली पानं. कचरा हा रसायनाचा गुण असता तर बॅरल आणि पातळ पिशवी दोन्ही ओढ्यात असत्या, दोन्ही पॉलिथीनच. घाण ठरते ती भावानं आणि कामाच्या मुदतीनं.

यावर पहिला आक्षेप तयार असतो: मग सरळ बंदी घाला. घातली होती. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रानं पिशव्या, थर्माकोल आणि बरंच काही बंद केलं. दंड पहिल्यांदा 5,000, मग 10,000, आणि तिसऱ्यांदा 25,000 रुपयांसह तीन महिने कैद. 1 जुलै 2022 पासून देशभर काही वस्तूंवर बंदी आली. दोन्ही पावलं चुकीची नव्हती. पिशव्यांवर आणि थर्माकोलवर दहा मिनिटांची कामं सोपवू नका, हेच ती सांगत होती. पण बाजार आपल्याहून चतुर. काही महिन्यांत दुकानांतून 'कापडी' पिशव्या मिळू लागल्या, मऊ, खडबडीत, रंगीत. गिऱ्हाइकाला आपण पर्यावरण वाचवल्याचं समाधान. त्यातल्या पुष्कळ पिशव्या कापसाच्या नसून न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे पाच नंबरच्या. पाच नंबरला बिभीषण का म्हटलं ते आता कळावं, ऐन लढाईत तो समोरच्या छावणीत जाऊन बसला. त्याच अधिसूचनेत एक कलम फार शहाणपणाचं होतं, दुधाच्या पिशवीवर निदान 50 पैसे परतावा छापायचं. चिरंजीवाच्या गळ्यात किंमत अडकवायची म्हणजे तो परत येतो, ही सगळी मेख त्या 50 पैशांत होती. दंडाची बातमी गावोगाव पोचली, ते 50 पैसे मात्र चहा करणाऱ्या बाईच्या ओट्यापर्यंत आले नाहीत.

दुसरा आक्षेप आठवणींचा: पूर्वी तांब्याचा हंडा होता, तागाचं गोणपाट होतं, घोंगडं होतं, काय बिघडलं होतं? बिघडलं एवढंच की तांब्याचा भरलेला हंडा ज्यांच्या डोक्यावर होता त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. हलका प्लॅस्टिकचा हंडा आला तेव्हा विहिरीवरच्या बायकांनी त्याविरुद्ध मोर्चा काढल्याची नोंद नाही. तिसरा आक्षेप आधुनिक आणि आपल्या भागाला गोड वाटणारा: प्लॅस्टिक उसापासून बनवा. शेजारी सोमेश्वर आणि माळेगावचे कारखाने, मळी मुबलक, काय हवं? बनतंही. अल्कोहोलमधून पाणी काढलं की इथिलीन उरतं आणि इथिलीनचं पॉलिथीन होतं. ब्राझीलमध्ये 2010 पासून उसाच्या अल्कोहोलचं पॉलिथीन मोठ्या प्रमाणावर निघतं. पण ते रेणू-रेणूला पेट्रोलियमवाल्यासारखंच असतं. उसाचं म्हणून ते कुजत नाही. ऊसवाल्याच्या घरी जन्मला म्हणून चिरंजीव मर्त्य होत नाही. खनिज तेल वाचतं हा फायदा खरा, ओढ्याला मात्र फरक पडत नाही.

सर्वात जड आक्षेप शेवटी, कारण त्याला अर्धंच उत्तर आहे. पुन्हा वापर आणि भंगारात घाल, हे सगळं ठीक, पण मल्चिंगचा कागद पातळ असतो. हंगाम संपल्यावर ओढताना फाटतो, त्याचे तुकडे रानात राहतात आणि ऊन त्यांचे आणखी बारीक तुकडे करतं. गोणी शेणखतात विरली असं वर म्हटलं तेही डोळ्यांपुरतं. तिचे धागे मातीतच आहेत. शिवाय गुळासारखं वितळणारं प्लॅस्टिकही प्रत्येक वितळण्यात थोडं उतरतं. बाटलीची पुन्हा बाटली क्वचित होते, बहुधा धागा होतो आणि धाग्याचा पुढे चिंधा. हा आक्षेप मान्य. त्यानं मूळ मुद्दा खोडला जात नाही, अधिक कडक होतो. जे उचलता येणार नाही इतकं पातळ आहे ते रानात अंथरू नये, जाड घ्यावं, दोन हंगाम वापरावं आणि अख्खं गोळा करून द्यावं. पातळ कागदावर वाचलेले पैसे जमीन नंतर व्याजासह वसूल करते, आणि तिला कर्जमाफीचा शासन निर्णय लागू नाही.

तेव्हा निकाल असा: सातांपैकी बळी, मारुती, परशुराम आणि बिभीषण यांना वडगावात कायमची नोकरी आहे, त्यांनी ती चोख केली आहे, फक्त पातळ अंगानं येणाऱ्या परशुरामावर नजर असावी. व्यासांना परतावा द्यावा, म्हणजे ते आपोआप परत येतील. कृपाचार्यांना टीव्हीच्या खोक्यात राहू द्यावं, गणपतीला बोलावू नये. अश्वत्थाम्याला मात्र घरात घेण्याआधीच दुकानात थांबवावं, कारण आत आल्यावर त्याला घालवायची विद्या भंगारवाल्याकडेही नाही. शांपूची बाटली बुडावरचा आकडा दाखवते आणि भंगारात विकली जाते. तेवढाच शांपू पुड्यांमधून घेतला तर त्या गोळा करायला कोणी येत नाही. पुढच्या वेळी वाण्याकडे उभे राहाल तेव्हा किमतीआधी बूड बघा.